जो ऐकेल त्यानेच ठरवावे

नगररचनेतल्या भांडणाला कोर्ट परवडत नाही आणि साहेबाच्या केबिनवर विश्वास बसत नाही. नामंजूर झालेला नकाशा, शेजाऱ्याचा वाढीव मजला, शेतात उभी राहिलेली शेड, घरावरून गेलेली रस्त्याची रेघ. यातले प्रत्येक प्रकरण ज्याचे त्याला डोंगराएवढे असते, कारण आयुष्याची पुंजी त्यात अडकलेली असते. पण मोठा वकील लावून दहा वर्षे झुंजावे एवढे ते नसते. मग अशी भांडणे सोडवायची कुठे आणि कुणासमोर?

इंग्लंडने या प्रश्नाचे एक उत्तर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालवून पाहिले आहे: अनौपचारिक सुनावणी. साक्षीदाराचा पिंजरा नाही, शपथ नाही, वकिलांची उलटतपासणी नाही. सगळे एका टेबलाभोवती बसतात, नियोजन निरीक्षक प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा एका दिवसात काम आटोपते. मला ही पद्धत आवडते आणि महाराष्ट्राने तिच्यापासून काही घ्यावे असे वाटते. मात्र घ्यायचे ते तिचे ऐसपैसपण नव्हे. ऐसपैसपण आपल्या सुनावण्यांत भरपूर आहे. घ्यायची ती तिच्या आतली शिस्त, आणि त्याहून जास्त म्हणजे एक साधा नियम: ज्याने ऐकले त्यानेच ठरवायचे.

आधी तिथली चौकट सांगतो. १९४७च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने इंग्लंडमध्ये जमीन मालकाची राहिली, पण तिच्यावर काही बांधायचा किंवा तिचा वापर बदलायचा तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागू लागली. कौन्सिलने नाही म्हटले, जाचक अटी घातल्या किंवा मुदतीत उत्तरच दिले नाही, तर अर्जदाराला अपील करता येते. सध्याच्या १९९०च्या कायद्यात हे कलम ७८. अपिलाला फी नाही. अपिले ब्रिस्टॉलमधल्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे जातात आणि तिचे निरीक्षक ती निकालात काढतात. मार्ग तीन आहेत. पहिला निव्वळ लेखी: दोन्ही बाजूंचे कागद वाचायचे, जागा पाहून यायची, निकाल लिहायचा. दहातली नऊपेक्षा जास्त अपिले याच वाटेने जातात. दुसऱ्या टोकाला सार्वजनिक चौकशी: बॅरिस्टर, तज्ज्ञ साक्षीदार, उलटतपासणी, कित्येक दिवसांचे काम आणि त्याला साजेसा खर्च. या दोहोंच्या मध्ये अनौपचारिक सुनावणी बसते. कागदावर भागणार नाही, माणसांना समोरासमोर बसवून विचारल्याशिवाय कळणार नाही, पण वकिलांची फौजही नको, अशा प्रकरणांसाठी.

सुनावणी बहुधा कौन्सिलच्या कचेरीत किंवा गावच्या सभागृहात भरते. (ज्या कौन्सिलने परवानगी नाकारली तिनेच खोली उपलब्ध करून द्यायची असा रिवाज आहे. अपीलकर्त्याला तो खटकला तर नवल नाही.) टेबले चौकोनात लावलेली असतात. एका बाजूला निरीक्षक, दुसऱ्या बाजूला अपीलकर्ता आणि त्याचा नियोजन सल्लागार, समोर कौन्सिलचा अधिकारी, उरलेल्या बाजूला शेजारीपाजारी. ठरल्या वेळेला निरीक्षक सुनावणी सुरू झाल्याचे जाहीर करतो, कोण कोण आले ते लिहून घेतो आणि नकाशांचे क्रमांक जुळवायला घेतो. हे काम कंटाळवाणे दिसते. पण कौन्सिलने नाकारलेला नकाशा कोणता आणि मागाहून सुधारून दिलेला कोणता, हा घोळ इथेच मिटला नाही तर पुढचे सगळे बोलणे हवेत जाते. मग तो सांगतो की कागद वाचून मला मुख्य मुद्दे दोन दिसतात, समजा रस्त्यावरून दिसणारे रूप आणि शेजारच्या घराचा उजेड. कुणाला आणखी काही वाटते का? वाटत असेल तर यादीत भर पडते. त्यानंतर एकेक मुद्दा. तुमच्या धोरणात अमुक म्हटले आहे, मग या भिंतीने नेमके काय बिघडते, हा प्रश्न कौन्सिलला. बिघडत नाही असे तुम्ही कशावरून म्हणता, हा अपीलकर्त्याला. आणि शेजारणीला: तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी यातली कोणती, नकाशावर बोट ठेवून दाखवा.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. लेखी हरकतीत ती बाई 'आमचा उजेड जाईल' एवढेच लिहिते. साहेबाला खिडकी दिसत नाही. उलटतपासणीत वकील तिला विचारतो की तुम्ही उजेड मोजला आहे का, आणि ती गप्प होते. टेबलापाशी ती बोट ठेवते आणि त्या बोटाखालचे अंतर सगळ्यांना दिसते.

मुद्दे संपले की अटींची चर्चा होते: परवानगी द्यायची झालीच तर कोणत्या अटी घालाव्यात? ज्या कौन्सिलचा विरोध आहे तिलाही ही यादी द्यावी लागते. नवखा माणूस इथे हमखास दचकतो, 'म्हणजे ठरलंच का यांचं?' म्हणून निरीक्षक आधीच सांगून ठेवतो की या चर्चेवरून निकालाचा अंदाज बांधू नका. मग सगळे मिळून जागेवर जातात. निरीक्षकाला योग्य वाटले तर सुनावणी बंद न करता ती तशीच जागेवर पुढे चालवता येते, म्हणजे चर्चाच मुळी कुंपणापाशी उभे राहून होते. काही आठवड्यांनी निकालपत्र येते. त्यात कारणे असतात, खाली निरीक्षकाचे नाव असते आणि ते कुणालाही वाचता येते.

हे सगळे इतके घरगुती वाटते की त्यामागची तयारी नजरेतून सुटते. टेबलापाशी यायच्या आधी दोन्ही बाजूंनी आपले पूर्ण म्हणणे लेखी दिलेले असते आणि एकमेकांचे वाचलेले असते. त्याशिवाय कोणत्या गोष्टींवर वादच नाही, याचे एक संयुक्त निवेदन तयार करावे लागते: जागेचे क्षेत्र एवढे, रस्त्याची रुंदी एवढी, लागू धोरणे ही. म्हणजे प्रत्यक्ष सुनावणीत वेळ जातो तो उरलेल्या वादावर. शेजाऱ्यांना सुनावणीची सूचना दिलेली असते. एखादी बाजू बेजबाबदारपणे वागली, ऐन वेळी कागद काढले किंवा निराधार कारण दामटत राहिली, तर दुसऱ्या बाजूचा खर्च तिच्यावर टाकता येतो. सुरुवातीची वर्षे हे सारे आचारसंहितेवर चालले. २००० साली त्याचे रीतसर नियम झाले. त्या नियमांत एक मोठे शहाणपण आहे: सुनावणी ही निरीक्षकाने चालवलेली चर्चा असेल, उलटतपासणीला परवानगी नसेल, पण उलटतपासणीवाचून मुख्य मुद्द्यांचा छडा लागणार नाही असे वाटले, तर निरीक्षकाने पक्षकारांशी बोलून सुनावणी थांबवावी की काय आणि चौकशी भरवावी की काय, याचा विचार करायचा. म्हणजे या पद्धतीला आपली मर्यादा ठाऊक आहे.

ही मर्यादा कोर्टाने दाखवून दिली ती एका शहामृगांच्या प्रकरणात. चिल्टर्न भागातल्या एका अर्जदाराला शहामृगपालनासाठी इमारत बांधायची होती. परवानगी नाकारली गेली, अपील अनौपचारिक सुनावणीला लागले आणि तिथेही तो हरला. १९९८ साली नोंदलेल्या निवाड्यात अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. न्यायमूर्ती पिल यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: सुनावणी मोकळ्या वातावरणात झाली म्हणून ती न्याय्य झाली असे होत नाही. समोरासमोर उलटतपासणी करणारे वकील नसतील, तर खोदून खोदून विचारण्याची जबाबदारी निरीक्षकावर येते, आणि वातावरण सैल करण्याच्या नादात ती तपासणी पातळ होता कामा नये. मला या विषयावर इतके नेमके दुसरे काही वाचल्याचे आठवत नाही. वकील काढून टाकले की त्यांचे काम नाहीसे होत नाही, ते ऐकणाऱ्याच्या खांद्यावर येते. ऐकणारा आळशी असेल, घाईत असेल किंवा त्याने फाइल वाचलेली नसेल, तर टेबलाभोवती होतात त्या नुसत्या गप्पा.

आता ऐकणारा आणि ठरवणारा यांच्याकडे वळतो, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ तिथे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्येही ऐकणारा एक आणि ठरवणारा दुसराच होता. लंडनच्या हॅम्पस्टेडमधले एक घर राहण्यास अयोग्य म्हणून बंद करण्याचा आदेश तिथल्या बरो कौन्सिलने काढला. त्याविरुद्ध आर्लिज नावाच्या गृहस्थाने सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट बोर्डाकडे अपील केले. बोर्डाच्या निरीक्षकाने चौकशी घेतली, अहवाल वर पाठवला आणि अपील फेटाळले गेले. आर्लिज यांची तक्रार दोन वाक्यांत मावणारी होती: निर्णय घेणाऱ्याने मला ऐकले नाही, आणि ज्याने ऐकले त्याचा अहवाल मला दाखवला नाही. १९१५ साली नोंदलेल्या निवाड्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की यात काही गैर नाही, सरकारी खाते असेच चालते. त्याच १९१५ साली मुंबई इलाख्यात मुंबई नगररचना कायदा झाला, हिंदुस्थानातला या विषयाचा पहिला कायदा, आणि त्याच्यामागे १९०९च्या ब्रिटिश कायद्याची प्रेरणा होती. आपल्या नगररचनेचा पाया घातला गेला तो नेमका अशा काळात, जेव्हा निरीक्षकाचा अहवाल गुप्त ठेवणे हे खात्याला आपले हक्काचे वाटत होते.

तिकडे नंतर वारे फिरले. डॉर्सेटमधल्या क्रिचेल डाउनची जमीन १९३८ साली बॉम्बफेकीच्या सरावासाठी सरकारने घेतली होती. ती मूळ मालकाच्या कुटुंबाला परत देण्यात कृषी खात्याने टाळाटाळ केली, बोभाटा झाला आणि १९५४ साली मंत्री थॉमस डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच हवेत नेमल्या गेलेल्या सर ऑलिव्हर फ्रँक्स यांच्या समितीने १९५७ साली सांगितले की अशा चौकश्यांत खुलेपणा, न्याय्यता आणि निःपक्षपात हवा, आणि निरीक्षकांचे अहवाल लोकांपुढे आले पाहिजेत. १९६८च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले: लहान अपिले निरीक्षकानेच निकालात काढावीत. हळूहळू जवळजवळ सगळी अपिले त्याच्याकडे आली. अनौपचारिक सुनावणी जन्मली ती या बदलानंतर, आणि हा क्रम योगायोगाचा नाही. टेबलापाशी बसलेल्या माणसाच्या हाती निर्णय नसता, तर त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलण्यात कुणी वेळ घालवला असता?

अपवाद उरला आहे, आणि तो काय करतो तेही पाहायला मिळाले. एखादे अपील मंत्री स्वतःकडे घेऊ शकतो. तेव्हा निरीक्षक फक्त शिफारस करतो. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समधल्या वेस्टफेरी प्रिंटवर्क्सच्या जागेवर सुमारे १,५०० घरांचा प्रकल्प होता. चौकशी घेणाऱ्या निरीक्षकाने परवानगी नाकारावी असे सुचवले. मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी जानेवारी २०२० मध्ये ती दिली, आणि तीही कधी? तर स्थानिक कौन्सिलचा नवा विकास-आकार, म्हणजे विकासकाने भरायचे शुल्क, लागू होण्याच्या आदल्या दिवशी. त्यामुळे विकासकाचे कोट्यवधी पौंड वाचणार होते. प्रकरण कोर्टात गेल्यावर त्या निर्णयात पक्षपात दिसून येतो हे मान्य करून तो रद्द होऊ द्यावा लागला. ऐकणाऱ्याच्या हातून निर्णय काढून घेतला की काय होते, याला यापेक्षा बोलके उदाहरण शोधायची गरज नाही.

आता आपल्या घरात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या कलम ४७ खाली बांधकाम परवानगी नाकारली गेलेल्या अर्जदाराला ४० दिवसांत शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या आणि उपसचिवाच्या खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपीलकर्ता आणि नियोजन प्राधिकरण (बहुधा महापालिका किंवा नगरपालिका) या दोघांना म्हणणे मांडायची वाजवी संधी द्यायची. कायद्याचे वाक्य इथे थांबते. शेजारी त्यात नाहीच. शेजाऱ्याला स्वतः अपील करता येत नाही ते इंग्लंडमध्येही (आयर्लंडमध्ये येते), पण तिथे निदान टेबलापाशी खुर्ची मिळते. कलम ४७ची सुनावणी मंत्रालयात. सांगली-जळगावच्या माणसाने पहाटेची गाडी पकडून यायचे, पास काढायचा, दालनाबाहेर थांबायचे. जागा कुणी पाहिलेली नसते. प्रत्यक्ष बोलणे किती वेळ चालते हे गेलेल्या कुणालाही विचारा.

विकास आराखड्याच्या हरकतींचे तर आणखी निराळे. कलम २८ प्रमाणे नियोजन समिती बसते: स्थायी समितीतले तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ. समिती ऐकते आणि अहवाल देते. मग प्राधिकरण बदल करते. मग आराखडा शासनाकडे जातो. शासनाला मोठे फेरबदल करायचे असतील तर पुन्हा हरकती मागवायच्या, त्या ऐकायला वर्ग एकचा अधिकारी नेमायचा, त्याने अहवाल पाठवायचा आणि निर्णय शासनाने घ्यायचा. ऐकणारे दोनदा बदलले, ठरवणारा तिसराच. सर्वोच्च न्यायालयाने गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या प्रकरणात १९५८ साली याच दुखण्यावर बोट ठेवले होते. आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावरच्या हरकती खात्याच्या सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे असेल तर प्रत्यक्ष सुनावणी हा पोकळ उपचार ठरतो, असे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी म्हटले. आराखडा बनवणे हे कायदा करण्यासारखे काम, तिथे हे तत्त्व जसेच्या तसे लागू होत नाही, असे वकील सांगतील आणि ते बरोबरही असेल. पण ज्याच्या घरावरून रस्त्याची रेघ गेली त्याला हा फरक समजावून सांगायला कुणी तरी एकदा जावे.

एका नगरपालिकेच्या अशा सुनावणीला मी हरकतदारांच्या रांगेत बसलो आहे. दोनेकशे लोकांना एकाच वेळेची नोटीस. नाव पुकारले की आत जायचे, हरकत क्रमांक सांगायचा, दोन मिनिटे बोलायचे. समितीतले एक सदस्य मान हलवत, दुसरे फोनवर. नगररचनाकार शेजारीच बसलेले, पण त्यांनी उत्तर द्यायचे नव्हते. ते नंतर, आम्ही नसताना, आपला अभिप्राय देणार होते. माझ्या पुढच्या माणसाचे म्हणणे होते की शाळेचे आरक्षण ओढ्याच्या पात्रात दाखवले आहे, आणि माझ्या मागच्याला त्याच आरक्षणामुळे आपली जमीन गेली याचे दुःख होते. दोघे एकमेकांना ओळखतही नव्हते. त्या दोघांना, नगररचनाकारांना आणि गावनकाशाला अर्धा तास एका टेबलापाशी आणले असते तर प्रश्न तिथेच सुटला असता की नाही सांगता येत नाही, पण निदान कळला असता.

म्हणून म्हणतो, आपल्या सुनावण्या अनौपचारिक आहेतच. काळा कोट नाही, शपथ नाही, उलटतपासणी नाही. नाही ते बाकीचे सगळे: आधी वाचलेले कागद, प्रश्न विचारणारा माणूस, उत्तर देणारा अधिकारी, आणि सही कुणाची हे ठाऊक असलेला निकाल.

यावर नेहमीचा आक्षेप संख्येचा. मुंबईच्या २०१५च्या प्रारूप आराखड्यावर साठ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. आराखडा मागे घेऊन नव्याने करावा लागला हा भाग वेगळा. प्रत्येकाला पाच मिनिटे दिली तरी पाच हजार तास होतात, रोजचे आठ तास धरले तर सव्वासहाशे दिवस. पण हा हिशोब होतो तो प्रत्येकाला सुटे सुटे बोलावले म्हणून. इंग्लंडमध्ये स्थानिक आराखड्याची तपासणीही निरीक्षकच करतो आणि तीही याच टेबल-पद्धतीने. तो आलेले सगळे आक्षेप वाचून विषयवार प्रश्नावली काढतो, ती आधी प्रसिद्ध करतो आणि एका विषयाचे सगळे लोक एका बैठकीला बोलावतो. साठ हजार हरकती म्हणजे साठ हजार विषय नव्हेत. एकाच मजकुराच्या छापील हरकतींवर पाच पाच हजार सह्या कशा होतात, हे प्रत्येक शहरातल्या कार्यकर्त्याला माहीत आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. टेबलाभोवती सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. नियोजन सल्लागार आठवड्याला अशा दोन बैठका करतो, शेजारीण जन्मात एकदा येते. औपचारिक चौकशीत निदान तिचा वकील तिच्यासाठी भांडतो. शिवाय टेबल म्हणजे भर गावात उघडे पडणेही आहे. इंग्लंडमध्ये जिप्सी आणि ट्रॅव्हलर या भटक्या समाजांतल्या कुटुंबांच्या वस्त्यांची अपिले पुष्कळदा सुनावणीला येतात. परवानगीसाठी कुटुंबाची परिस्थिती मांडावी लागते: कुणाचे आजारपण, मुलांची शाळा, जायला दुसरी जागा नसणे. आणि हे सांगायचे ते कुणादेखत, तर ज्यांना ही माणसे गावात नको आहेत त्यांच्यादेखत, हातभर अंतरावर. अशा वेळी वकिलाचे कोरडे शब्द आणि मधले अंतर ही दयाच असते. आपल्याकडे एखाद्या पारधी किंवा वडार वस्तीच्या जागेवरची सुनावणी गावच्या सभागृहात भरवून पाहा, म्हणजे टेबल कुणाच्या बाजूला कलते ते समजेल. माझे उत्तर अर्धवट आहे: वैयक्तिक बाबी लेखी घ्याव्यात, त्यांची उघड चर्चा करू नये, आणि दुबळ्या बाजूचा प्रश्न ऐकणाऱ्याने स्वतः विचारावा. पिल यांनी निरीक्षकावर टाकलेला भार तो हाच. पण असा ऐकणारा नसेल तिथे मी टेबलापेक्षा वकील पसंत करीन.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. निरीक्षक सरकारचाच नोकर, मग तो निःपक्ष कसा? ब्रायन विरुद्ध युनायटेड किंगडम या १९९५च्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेच म्हटले की मंत्री त्याची नेमणूक कधीही काढून घेऊ शकत असल्याने तो दिसायला पुरेसा स्वतंत्र नाही. तरी वर उच्च न्यायालयाची देखरेख आहे, म्हणून एकूण व्यवस्था चालण्यासारखी. म्हणजे तिकडेही सारे आलबेल नाही. शिवाय पूर्वी तिथे कोणत्याही पक्षाला 'मला प्रत्यक्ष ऐका' असा आग्रह धरता येई. २००८च्या कायद्याने कोणता मार्ग घ्यायचा हे सरकारच्या, म्हणजे इन्स्पेक्टोरेटच्या हाती गेले. काम लवकर उरकते, पैसा वाचतो, आणि सुनावणी दिवसेंदिवस दुर्मीळ होते. ज्या पद्धतीचे मी गुण गातो आहे तिला तिच्याच देशात काटकसरीने कोपऱ्यात ढकलले आहे. मला तो बदल पटत नाही.

ऐकणाऱ्यानेच ठरवायचे ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या जुन्या पत्त्यांत 'टीपीएस' ही अक्षरे अजून येतात. ती नगररचना योजनांची (टाउन प्लॅनिंग स्कीम) खूण. अशा योजनेत एका भागातल्या जमिनी एकत्र धरून भूखंड नव्याने आखतात आणि मालकांना परत देतात. १९१५च्या कायद्यापासून आजच्या एमआरटीपीपर्यंत या योजनांत लवाद नेमला जातो. तो प्रत्येक मालकाला नोटीस देतो, म्हणणे ऐकतो आणि कुणाला कोणता अंतिम भूखंड, किती भरपाई, हे बऱ्याच बाबतींत स्वतः ठरवतो. काही बाबींवर त्याच्या वर अपील न्यायाधिकरण आहे. लवाद फार वेळ घेतो ही तक्रार रास्त आहे. पण आपला भूखंड कुठे सरकला आणि का, हे विचारायला मालकाला निदान एक माणूस सापडतो.

मग करायचे काय? आराखड्यापासून सुरुवात करू नये. तिथे राजकारण फार आहे, आणि असायलाही हवे. सुरुवात कलम ४७ पासून व्हावी. नेमलेल्या अधिकाऱ्याने निकाल द्यायची तरतूद कायद्यात आजच आहे, मग मंत्री-राज्यमंत्र्यांच्या दालनात अपिले भरवायची गरज नाही. विभागवार अधिकारी नेमावेत, त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी बसावे, जागा पाहावी. सुनावणीच्या पंधरा दिवस आधी दोन्ही बाजूंचे म्हणणे एकमेकांना मिळालेले असावे, आणि वाद नसलेल्या गोष्टींची एक पानी यादी दोघांच्या सहीने यावी. लगतच्या जमीनमालकांना सूचना द्यावी. कायदा त्यांना बोलवाच म्हणत नसला, तरी बोलावू नका असेही म्हणत नाही. बांधकाम परवानगीच्या लहान वादांवर दोन-तीन वर्षे हे चालवून पाहावे, आणि जमले तर नियोजन समितीच्या सुनावण्या विषयवार बैठकांत बसवाव्यात. विरोध होईल. दालनातले अपील हे काहींना सोयीचे असते, आणि ती सोय फक्त बिल्डरांची आहे असे समजणे भाबडेपणाचे. नगरसेवकापासून आर्किटेक्टपर्यंत पुष्कळांची कामे तिथूनच 'मार्गी लागतात'.

यातले बरेच काही व्हायला वर्षे लागतील. पण कलम ४७ खालचा प्रत्येक आदेश, कारणांसह आणि देणाऱ्याच्या नावासह, नगरविकास खात्याच्या संकेतस्थळावर टाकायला कोणतीही कायदादुरुस्ती लागत नाही. निर्णयांची कारणे बाधित माणसाला द्यावीत असे माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ २००५ पासून सांगतेच आहे. त्यासाठी खात्याचे एक परिपत्रक पुरेल.